शेजाराचे अर्थशास्त्र

चाळ गेली आणि शेजार गेला, असा उसासा मुंबईत गेली कित्येक वर्षे टाकला जात आहे. त्यात तथ्य आहे. परंतु चाळीतील माणसे मुळातच प्रेमळ होती आणि सदनिकांतील माणसे स्वभावतः कोरडी आहेत, हा जो निष्कर्ष त्यातून काढला जातो, तो मान्य करणे कठीण आहे.

वरळी, नायगाव, डिलाइल रोड व शिवडी येथे १९२० नंतर उभ्या राहिलेल्या बी.डी.डी. चाळींचे उदाहरण घ्यावे. १६० चौरस फुटांच्या खोलीत संसार मावत नसे, शौचालये सामाईक. दिवसातून दहा वेळा ज्याच्याशी गाठ पडायची, त्याच्याशी अबोला धरणे परवडत नाही. शहरातील खाजगी चाळींत आणखी एक कारण होते. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी गोठली, खोली सोडणे आतबट्ट्याचे ठरले आणि एकाच दाराआड तीन-तीन पिढ्या नांदल्या. वाटीभर साखर असो वा पगारापूर्वीचे पन्नास रुपये, उसने देणाऱ्याला परतफेडीची शाश्वती असे, कारण घेणारा कोठे जाणारच नव्हता. १९८२ च्या गिरणी संपात पगार थांबले, तेव्हा गिरणगावातील अनेक बिऱ्हाडे वाण्याच्या उधारीवर आणि या उसनवारीवर तगली. बँकेने दारात उभे केले नसते अशा माणसांची ती पतपेढीच होती.

आता वरळीतील रहिवाशांना पुनर्विकसित इमारतींत ५०० चौरस फुटांची, स्वतंत्र शौचालयाची घरे मिळू लागली आहेत. ती सोडून परत चाळीत जा, असे त्यांना सांगण्याचा अधिकार कोणालाही नाही. (चाळीचे गोडवे गाणारे बहुधा चाळ सोडून गेलेलेच असतात.) मात्र शेजार ज्या गरजांवर पोसला होता, त्या गरजाच भिंतीआड गेल्या. त्यातच भाड्याने राहणाऱ्यांचे अकरा महिन्यांचे करार. वर्षाच्या आतील करारास नोंदणी लागत नाही, या समजुतीतून रूढ झालेली ही मुदत १९९९ च्या कायद्याने नोंदणी सक्तीची केल्यावरही टिकून आहे. अकरा महिन्यांनी जाणाऱ्याचे नाव विचारण्याची तसदी कोण घेणार?

काही जण यावर शेजारी निवडून घेण्याचा तोडगा काढतात. अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली सभासदत्व एका समाजापुरते ठेवणारा उपविधी वैध ठरविला. कायद्याचे असो; पण आडनाव आणि स्वयंपाकघर तपासून जमविलेल्या घोळक्याला शेजार म्हणणे मला पटत नाही.

वार्षिक सर्वसाधारण सभा ही खरी ओळखीची जागा. ती गणपूर्तीअभावी अर्धा तास तहकूब होते आणि मग त्याच दहा-बारा डोक्यांत उरकली जाते. तेथे वाहनतळ व गळतीवर तासभर वाद होतात. एकट्या राहणाऱ्या वृद्धांची यादी, त्यांच्या मुलांचे दूरध्वनी आणि दाराची दुसरी किल्ली कोणाकडे असावी, हा विषय कार्यक्रमपत्रिकेवर सहसा नसतो. दुधाच्या दोन पिशव्या दारात तशाच पडून राहिल्या, तर त्या मजल्यावर बेल वाजवून पाहणारा कोण, हे आगामी सभेत नावानिशी ठरवून घेता येईल. त्याला ना खर्च लागतो, ना निबंधकाची परवानगी.