दुकानाला पाटी, सभेला नाही

तालुक्याच्या गावी एस.टी.तून उतरलेल्या परक्या माणसाला सरकारमान्य देशी दारूचे दुकान कोठे आहे, हे सहसा कोणाला विचारावे लागत नाही. पाटीच ते सांगते. परंतु त्याच गावातील एखाद्या कारकुनाने किंवा शिक्षकाने दारू सोडण्याचा निश्चय केला आणि आपल्यासारखीच धडपड करणारी माणसे कोठे जमतात याची चौकशी आरंभली, तर बहुधा त्याला उत्तर मिळत नाही. आणि मुळात ही चौकशी करावयाची कोणाजवळ, हाच त्याच्यापुढील पहिला प्रश्न असतो.

राज्यघटनेच्या ४७ व्या अनुच्छेदाने मादक पेयांच्या सेवनास आळा घालण्याची जबाबदारी शासनावर टाकली. १९४९ चा दारूबंदी कायदा महाराष्ट्रात आजही अस्तित्वात आहे. त्याच महाराष्ट्राच्या तिजोरीत मद्यावरील करांतून वर्षाला २० हजार कोटी रुपयांहून अधिक रक्कम जमा होते. या विसंगतीवर पुष्कळ लिहिले गेले आहे. तिची दुसरी बाजू मात्र दुर्लक्षित राहिली. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेची जी पाहणी २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली, तिच्यानुसार मद्यामुळे मदतीची गरज निर्माण झालेल्या भारतीयांची संख्या ५ कोटी ७० लाखांच्या आसपास आहे. मद्यासक्त अशा ३८ जणांमागे एकालाच काही ना काही मदत मिळते. रुग्णालयात दाखल होऊन उपचार घेणारा १८० मध्ये एक. एवढ्या खाटा कोणतेही सरकार उभ्या करू शकणार नाही. म्हणूनच, जिला खाट लागत नाही अशा व्यवस्थेचा विचार अगत्याने करावयास हवा.

अशी व्यवस्था जगात १९३५ पासून आहे. त्या वर्षी अमेरिकेतील अ‍ॅक्रन या गावी व्यवसायातील अपयशाने खचलेला बिल विल्सन हा शेअर बाजारातील गृहस्थ हॉटेलातील मद्यालयाकडे ओढला जात होता. तिकडे न वळता त्याने गावातील धर्मोपदेशकांना दूरध्वनी केले आणि आपल्याला बोलावयास एखादा दारुडा मिळेल काय, अशी विचारणा केली. या खटपटीतून त्याची बॉब स्मिथ या शल्यविशारदाशी गाठ पडली. ‘अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस’ या संघटनेचा उगम तो हा. भारतात तिचे कार्य १९५७ पासून चालू आहे.

सभा म्हटली की आपल्याकडे अध्यक्ष, हार आणि लांबलेले आभारप्रदर्शन डोळ्यांपुढे येते. येथे त्यांतील काही नाही. शाळेचा वर्ग किंवा चर्चची खोली, दहापंधरा माणसे, चहा, तास-दीड तासाचा अवधी. एकेकजण आपले पहिले नाव आणि आपण मद्यासक्त असल्याचे सांगून आपली हकीकत कथन करतो. मध्येच कोणी उपदेश करीत नाही. आडनाव व हुद्दा यांची चौकशी होत नाही. नवागताने नुसते ऐकून घेतले तरी चालते. दारू सोडण्याची इच्छा एवढीच सदस्यत्वाची अट. काही सभा खुल्या असतात; त्यांना पत्नीला, भावाला, मित्रालाही बसता येते. काही सभा मात्र केवळ मद्यासक्तांपुरत्या असतात. ईश्वराचा उल्लेख वारंवार होतो आणि बुद्धिवादी माणूस तेथे अडखळतो; पण तो ईश्वर कोणता, हे ज्याचे त्याने ठरवावयाचे असते.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला विशेष वाटावे ते या संघटनेच्या जमाखर्चाचे. बाहेरची देणगी ती स्वीकारत नाही. प्रारंभीच्या काळात धनाढ्य रॉकफेलर यांच्याकडे साहाय्य मागण्यात आले, तेव्हा त्यांनी १९३८ मध्ये ५ हजार डॉलर दिले, परंतु अधिक पैशाने या कार्याची हानी होईल असा इशाराही दिला. पुढे संघटनेने स्वावलंबनाचा नियमच केला. या मार्गाचा उपयोग किती? २७ अभ्यासांचा एकत्रित आढावा २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार, संपूर्ण मद्यत्यागाच्या बाबतीत हा मार्ग इतर मान्य मानसोपचारांच्या तोडीचा, काही वेळा सरस ठरला, आणि उपचारांवरील खर्चही त्याने घटला.

अर्थात सभा म्हणजे औषध नव्हे. वर्षानुवर्षे भरपूर पिणाऱ्याने एकाएकी दारू थांबविली तर झटके येऊ शकतात, भ्रम होऊ शकतो, प्रसंगी जिवावर बेतते. म्हणून प्रथम वैद्यकीय सल्ला हवाच. पुण्यात १९८६ साली स्थापन झालेल्या मुक्तांगणने उपचार आणि उपचारानंतरचा पाठपुरावा यांची सांगड घातली, व्यसनी माणसांच्या पत्नींसाठीही गट चालविले. परंतु मद्यासक्त स्त्रियांचे काय? रात्री आठच्या, पुरुषांनी भरलेल्या सभेला जाणे त्यांना किती अवघड आहे हे वेगळे सांगावयास नको.

खरी अडचण दाराशी आहे. पांढरपेशा माणूस गुत्त्यात दिसण्याला जेवढा भितो, त्याहून अधिक या सभेत दिसण्याला भितो. आपलाच विद्यार्थी तेथे बसलेला असला तर? नाव न सांगण्याची शिस्त याच भीतीवरचा उपाय आहे. पण तिच्यामुळेच संघटना स्वतःचा गाजावाजा करीत नाही आणि गरजवंताला पत्ता सापडत नाही. ही उणीव इतरांनी भरून काढावयास हवी. जवळच्या सभेचा वार, वेळ आणि ठिकाण प्राथमिक आरोग्य केंद्रात, कचेरीच्या सूचनाफलकावर, किंबहुना दारूच्या दुकानाच्या पाटीखालीसुद्धा लिहिण्यास फारसा खर्च नाही. कचेरीत ते कोणी वाचले याची नोंद मात्र ठेवू नये. शाळांनी आठवड्यातून एका सायंकाळी एक वर्ग उघडून द्यावा. शाळेने भाडे नको म्हटले तरी ते देण्याचा गट आग्रह धरील. शाळेने ते घ्यावे आणि रीतसर पावती द्यावी.