डेटाबेस प्रकल्पातील घटक-चाचणी : सातबाराच्या नोंदींच्या आधारे

प्रास्ताविक

सातबारा उतारा आपल्या परिचयाचा आहे. गाव नमुना सात म्हणजे जमिनीवरील अधिकारांची नोंद आणि गाव नमुना बारा म्हणजे पिकांची नोंद. हस्तलिखित सातबारा संगणकावर आल्यानंतर त्यातील चुका शोधण्यासाठी २०१७ मध्ये राज्यभर चावडी वाचनाची मोहीम झाली. गावकऱ्यांसमोर नोंदी वाचल्या गेल्या आणि खातेदारांनी त्यांतील चुका दाखवून दिल्या. लेखनदोषांच्या दुरुस्तीची तरतूद महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम १५५ मध्ये आहे.

चावडी वाचनाने त्या दिवशी असलेली नोंद तपासली जाते. परंतु नोंदी सतत बदलतात. वारसा, खरेदी, वाटणी यांमुळे नवे फेरफार होतात. हे बदल ज्या नियमांनी संगणक घडवून आणतो, ते नियमच चुकीचे असतील तर वाचून दुरुस्त केलेली नोंद पुन्हा बिघडेल. म्हणून प्रत्येक नियमाची स्वतंत्र आणि पुन्हा पुन्हा करता येणारी तपासणी आवश्यक ठरते. तिलाच घटक-चाचणी किंवा युनिट टेस्टिंग म्हणतात.

विषय-विवेचन

वर्धा जिल्ह्यातील शेतजमिनीच्या नोंदींचा एक सराव-डेटाबेस आपण तयार करीत आहोत, असे समजा. त्यातील तीन नियम पाहू.

(१) स्थळनामाचा नियम : जिल्ह्यात वर्धा, सेलू, देवळी, हिंगणघाट, समुद्रपूर, आर्वी, आष्टी आणि कारंजा असे ८ तालुके आहेत. मात्र सेलू परभणी जिल्ह्यातही आहे, आष्टी बीडमध्ये आणि कारंजा वाशीममध्येही आहे. केवळ तालुक्याच्या नावावरून शोध घेतला तर दुसऱ्याच जिल्ह्यातील जमीन समोर येईल. म्हणून चाचणीत दोन जिल्ह्यांतील ‘सेलू’ नोंदवावेत आणि वर्ध्याचा सेलू मागितल्यावर एकच नोंद मिळते का, हे पाहावे.

(२) वाटणीचा नियम : २ हेक्टर जमीन तीन भावंडांत समान वाटायची आहे. २ हेक्टर म्हणजे २०,००० चौरस मीटर. तिसरा हिस्सा पूर्णांकात ६,६६७ धरला, तर तिघांची बेरीज २०,००१ होते. जमीन कागदावर एक चौरस मीटरने वाढली! हिस्स्यांची बेरीज मूळ क्षेत्राएवढीच असली पाहिजे, हे चाचणीने सांगितले की चूक लगेच उघडी पडते. ६,६६७, ६,६६७ आणि ६,६६६ अशी विभागणी या चाचणीत उत्तीर्ण होईल.

(३) लेखनाचा नियम : ‘वऱ्हाडे’ या आडनावातील ‘ऱ’ युनिकोडमध्ये दोन प्रकारे साठवता येतो : एक स्वतंत्र चिन्ह म्हणून, किंवा ‘र’ आणि त्याखालील नुक्ता अशा दोन चिन्हांनी. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात. संगणकाला मात्र ती दोन वेगळी नावे वाटू शकतात. मग खातेदाराचे नाव डेटाबेसमध्ये असूनही शोधात सापडत नाही. नाव साठवण्यापूर्वी त्याचे प्रमाणीकरण होते का, हे चाचणीने तपासावे. असा दोष ओळखण्यासाठी मराठी लेखनपद्धतीची जाण हवी. भाषेच्या अभ्यासकाचे काम येथे सुरू होते.

चाचणीची उभारणी

घटक-चाचणीसाठी तयार चौकटी उपलब्ध आहेत. ओरॅकलसाठी यूटीपीएलएसक्यूएल, एसक्यूएल सर्व्हरसाठी टीएसक्यूएलटी आणि पोस्टग्रेसक्यूएलसाठी पीजीटॅप. पीजीटॅपच्या आधारे उभारणीचा क्रम असा :

पहिली पायरी : चाचणीसाठी वेगळा डेटाबेस तयार करावा. त्याची रचना मूळ प्रकल्पाच्याच आज्ञावलीतून व्हावी; त्यातील नावे मात्र काल्पनिक असावीत. खऱ्या खातेदारांची माहिती येथे आणू नये.

दुसरी पायरी : त्या डेटाबेसमध्ये पीजीटॅप हा विस्तार जोडावा आणि प्रकल्पातच चाचण्यांसाठी स्वतंत्र फोल्डर ठेवावे.

तिसरी पायरी : प्रत्येक चाचणी-फाईलच्या आरंभी व्यवहार म्हणजे ट्रान्झॅक्शन सुरू करावे आणि एकूण किती तपासण्या होणार, ते सांगावे. नंतर नमुना नोंदी भराव्यात आणि अपेक्षित उत्तर व मिळालेले उत्तर यांची तुलना करावी. शेवटी ट्रान्झॅक्शन मागे घ्यावे, म्हणजे नमुना नोंदी पुसल्या जातात आणि पुढील चाचणी स्वच्छ पाटीवर सुरू होते.

चौथी पायरी : नियम मुद्दाम बिघडवून चाचणी अनुत्तीर्ण होते का, हे एकदा पाहावे. कधीच अनुत्तीर्ण न होणारी चाचणी काहीच तपासत नसते.

पाचवी पायरी : आज्ञावलीत लहानसा बदल झाला, तरी सर्व चाचण्या चालवाव्यात. त्यासाठी पीजी-प्रूव्ह ही आज्ञा वापरतात.

सारांश

घटक-चाचणी नियम तपासते. भरलेली माहिती खरी आहे का, हे ती सांगू शकत नाही. तलाठ्याकडील जुन्या नोंदीतच नाव चुकले असेल, तर सर्व चाचण्या उत्तीर्ण होऊनही उतारा चुकीचाच राहील. म्हणून चावडीवरील वाचन आणि संगणकातील चाचणी परस्परपूरक आहेत. पीककर्ज, वारसाहक्क आणि नुकसानभरपाई ज्या कागदावर अवलंबून असतात, त्याला या दोन्हींचा आधार हवा.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

१. चावडी वाचन आणि घटक-चाचणी यांतील फरक स्पष्ट करा.
२. ५ हेक्टर जमिनीची सहा वारसांत वाटणी करणाऱ्या नियमासाठी चाचणी सुचवा.
३. आपल्या परिसरातील दोन प्रकारे लिहिली जाणारी तीन ग्रामनामे शोधा आणि त्यांसाठी लेखनाचा नियम तयार करा.