परसातील चाकांची वाट

मांद्र्याच्या एका परसात चवथीच्या आदल्या दिवशी पडवळ आणि दोडकी उतरवली जातात, ती घरच्या माटोळीसाठी. उतरवणारी तरुणी चाकाच्या खुर्चीत बसलेली असते. ती माझी जुनी रुग्ण. पाठीचा कणा जन्मतः उघडा राहिल्याने तिचे पाय लुळे आणि संवेदनाहीन आहेत.

तिची फाईल मी तेरा वर्षे लिहीत आलो. मूत्रपिंडे, डोक्याचा घेर, कण्याचा बाक, सारे तीत नोंदलेले आहे. मुलीचा दिवस कसा जातो, हा प्रश्न मात्र मी एकदाही विचारला नव्हता. तेराव्या वर्षी बैठकीवर खोल जखम घेऊन ती आली, तेव्हा आजी म्हणाली, "डॉक्टर, सकाळी पडवीत बसवली की ती रात्रीच उठते. परसात उतरायला तीन पायऱ्या आहेत ना!"

जखम भरायला चार महिने लागले. दरम्यान मी तिच्या हाती नसीमा हुरझूक यांचे 'चाकाची खुर्ची' हे आत्मकथन दिले. नसीमाताईंनी १९८४ साली कोल्हापुरात उभ्या केलेल्या संस्थेने पुढे आपल्या शेजारच्या सिंधुदुर्गात अपंगांच्या हातांनी चालणारा काजूप्रक्रिया उद्योग सुरू केला. पुस्तक वाचून मुलीने वडिलांकडे एवढेच मागितले : "मला परसात जायचे आहे."

वडील गवंडी. त्यांनी हौसेने सहा फुटांचा उतार बांधला. पहिल्याच दिवशी खुर्ची मागे कलंडली. दैवाने इजा झाली नाही. दीड फूट उंचीला अठरा फूट लांबीचा उतार लागतो, हे एकास बाराचे प्रमाण मी आधी सांगायला हवे होते. नवा उतार घराच्या कडेने वळवून नेला. वाट चार फूट रुंद, पावसात शेवाळावर चाक घसरू नये म्हणून खरबरीत. टोकाला खुर्ची वळवण्यापुरती पाच फुटांची मोकळी जागा. चिऱ्यांचे वाफे दोन फूट उंच, आणि हात पोहोचावा म्हणून दोनच फूट रुंद. त्यांत तांबडी भाजी, मिरची, मुळा. वेलींचा मांडव नेहमीपेक्षा खाली, बसल्या हाताला लागेल असा.

सहव्यवसायी मित्रांनो, अशा रुग्णांना बागेत पाठवताना काही पथ्ये सांगावीत. दर पंधरा-वीस मिनिटांनी हातांवर भार देऊन बैठक उचलावी. उन्हात तापलेला चिरा वा लोखंड संवेदनाहीन पायाला भाजते आणि कळतही नाही. या मुलांत लॅटेक्सची ॲलर्जी बरीच आढळते. म्हणून रबरी हातमोजे टाळावेत. आणि गर्भधारणेपूर्वीपासून रोज ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड घेतल्यास असे बहुसंख्य दोष टळू शकतात, हे प्रत्येक नवविवाहितेला सांगावे.

जखम पुन्हा झालेली नाही. त्याचे श्रेय बागेला किती आणि आमच्या गादीला किती, हे मी ठरवू शकत नाही. परंतु खुर्चीवरील प्रत्येक बालकाच्या फाईलवर मी आता पहिला प्रश्न लिहितो : घराला पायऱ्या किती?