‘व्हेरी’ आणि ‘टू’ यांच्यातील अंतर

‘द पेशंट इज टू वीक फॉर सर्जरी.’ रुग्णालयाच्या कागदावर असे वाक्य लिहिलेले आहे, अशी कल्पना करा. त्यात ‘नॉट’ हा शब्द कोठेही नाही. तरीही वाक्याचा अर्थ नकाराचाच आहे : रुग्ण इतका अशक्त आहे, की त्याच्यावर शस्त्रक्रिया करता येणार नाही. ‘टू’ म्हणजे ‘खूप’ एवढेच ठाऊक असलेला नातेवाईक ‘रुग्ण फार अशक्त आहे आणि शस्त्रक्रिया करायची आहे’ असा नेमका उलटा अर्थ लावण्याची शक्यता असते. विशेषणाची मात्रा दाखविणाऱ्या इंग्रजी वाक्यरचना या केवळ परीक्षेत गुण मिळविण्यासाठी नसतात, हे अशा वेळी लक्षात येते.

या रचना मराठी माणसाला अडखळविणाऱ्या वाटतात, त्याचे कारण आपल्या भाषेच्या घडणीत आहे. ‘कळसूबाई उंच आहे’, ‘कळसूबाई साल्हेरपेक्षा उंच आहे’ आणि ‘कळसूबाई महाराष्ट्रात सर्वांत उंच आहे’ या तिन्ही वाक्यांत ‘उंच’ हा शब्द जसाच्या तसा राहतो. तुलनेचा भार ‘पेक्षा’ आणि ‘सर्वांत’ हे शब्द उचलतात. इंग्रजीत मात्र विशेषणच रूप पालटते : हाय, हायर, हायेस्ट.

ही पद्धत आपल्याला सर्वस्वी परकी आहे, असे मात्र नाही. संस्कृतात ‘लघु, लघुतर, लघुतम’ अशी रूपे होतात. गणितातील लसावि म्हणजे लघुतम साधारण विभाज्य, हे शाळेतच आपल्या कानावर पडलेले असते. ज्येष्ठ, कनिष्ठ, श्रेष्ठ या शब्दांतील ‘इष्ठ’ हा प्रत्यय आणि इंग्रजीतील ‘एस्ट’ हे तर एकाच प्राचीन भाषाकुलातून आलेले सख्खे भाऊबंद आहेत. मराठीने हे शब्द ठेवले. पण त्यांतील ‘सर्वांत’ हा अर्थ पुसट झाला. म्हणूनच आपण ‘सर्वश्रेष्ठ’ असे सहज म्हणतो.

इंग्रजीत साधारणपणे लहान शब्दांना ‘अर’ आणि ‘एस्ट’ हे प्रत्यय लागतात, तर मोठ्या शब्दांपूर्वी ‘मोअर’ आणि ‘मोस्ट’ येतात. दोन्ही एकदम वापरू नयेत. ‘मोअर बेटर’ किंवा ‘मोअर टॉलर’ ही रूपे चूक ठरतात. शेक्सपिअरच्या काळी अशी दुहेरी रूपे चालत असत. पुढे व्याकरणकारांनी ती बाद ठरविली. लॅटिनमधून आलेल्या ‘सीनियर’, ‘ज्युनियर’, ‘सुपीरियर’ या शब्दांना तर ‘मोअर’ही नको आणि ‘दॅन’ही नको. त्यांच्यापुढे ‘टू’ येतो : ‘शी इज सीनियर टू मी.’

एकच आशय तिन्ही मात्रांत सांगता येतो. ‘कळसूबाई इज द हायेस्ट पीक इन महाराष्ट्र’, ‘कळसूबाई इज हायर दॅन एनी अदर पीक इन महाराष्ट्र’ आणि ‘नो अदर पीक इन महाराष्ट्र इज अ‍ॅज हाय अ‍ॅज कळसूबाई’ ही तिन्ही वाक्ये एकच गोष्ट सांगतात. त्यांतील ‘अदर’ विसरता कामा नये. तो गाळला, तर महाराष्ट्रातील सर्व शिखरांत कळसूबाईही आलीच आणि ती स्वतःपेक्षाच उंच ठरते! साल्हेरविषयी लिहिताना ‘वन ऑफ द हायेस्ट पीक्स’ असे लिहावे लागते. ‘वन ऑफ’नंतर येणारे नाम अनेकवचनीच हवे. ‘वन ऑफ द हायेस्ट पीक’ ही चूक अर्जांत आणि निवेदनांत वारंवार दिसते.

आता पुन्हा ‘टू’कडे वळू. ‘ही इज टू वीक टू वॉक’ या वाक्यात पहिला ‘टू’ दोन ‘ओ’ असलेला, तर दुसरा एका ‘ओ’चा आहे. पहिला मर्यादा ओलांडल्याचे सांगतो. दुसरा त्यामुळे काय अशक्य झाले, ते सांगतो. हेच वाक्य ‘सो वीक दॅट’ने लिहायचे, तर दडलेला नकार उघड करावा लागतो : ‘ही इज सो वीक दॅट ही कॅनॉट वॉक.’ शाळेतील ‘रिमूव्ह टू’ या प्रश्नाचे मर्म एवढेच. याच्या उलट ‘इनफ’ हा पुरेसेपणा दाखवितो आणि तो विशेषणानंतर येतो : ‘ही इज स्ट्राँग इनफ टू वॉक.’ नाम असेल, तर मात्र तो आधी येतो : ‘इनफ मनी’.

मित्रमंडळींत ‘जेवण टू गुड होते’ ही दाद खपून जाते. परंतु व्यवसायाच्या पत्रात ‘युवर ऑफर इज टू गुड’ असे लिहिल्यास वाचणाऱ्याला त्यात संशयाचा सूर जाणवू शकतो. इतका चांगला प्रस्ताव खरा कसा असेल, असा तो सूर. तेथे ‘व्हेरी गुड’ हेच योग्य. ‘ओन्ली टू ग्लॅड टू हेल्प’सारखे काही अपवाद आहेत. मदत करण्यास अतिशय आनंद वाटेल, असा त्याचा अर्थ असून त्यात नकार नाही.

एक रचना मात्र मराठीशी तंतोतंत जुळते. ‘द सूनर, द बेटर’ म्हणजे ‘जितके लवकर, तितके चांगले’.

‘टू’ दिसला, की त्या जागी ‘इतका, की... नाही’ ही मराठी चौकट बसवून पाहावी. ती बसली आणि अर्थ लागला, तर वाक्यात नकार आहे असे समजावे. करारपत्र, वैद्यकीय अहवाल किंवा नोकरीचे पत्र वाचताना ही सवय विशेष उपयोगी पडते. लिहिताना केवळ ‘फार’ म्हणायचे असेल, तर ‘व्हेरी’वरच थांबावे.