डिमथची लँकेस्टरमधली वर्षं

1921 साली अमेरिकन चित्रकार चार्ल्स डिमथ पॅरिसहून पेनसिल्व्हेनियातल्या लँकेस्टर या आपल्या गावी परतला, तेव्हा मधुमेहाने त्याला पुरतं पोखरलं होतं. अमेरिकेत इन्शुलिन मिळालेल्या अगदी सुरुवातीच्या रुग्णांपैकी तो एक. त्या औषधाने त्याला जी वर्षं दिली, त्यांतली बरीचशी त्याने गावातल्या घरात, आईच्या सोबतीने काढली. लहानपणापासून पायाने अधू, त्यात हा आजार. लांबचे प्रवास संपले होते. मग गावातल्याच कारखान्यांच्या चिमण्या आणि धान्याची कोठारं त्याचे विषय झाली.

1927 मध्ये त्याने ‘माय इजिप्त’ रंगवलं. चित्र जेमतेम तीन फूट उंचीचं. विषय गावातल्या एशलमन कंपनीचे सिलो, म्हणजे धान्याची उंच कोठारं. डिमथ आपल्याला त्यांच्या पायथ्याशी उभं करतो. खाली जुन्या इमारतींची ठेंगणी छपरं, आणि त्यांच्यावर पांढुरके, करडे दंडगोल चित्र भरून टाकतात. आकाशातून तिरप्या प्रकाशरेषा येतात आणि भिंतींवरून आरपार जातात; त्या ओलांडताना प्रत्येक रंगाची छटा बदलते. माणूस कुठेच नाही.

इजिप्तचा प्राचीन राजा तूतनखामेन याची कबर सापडून तेव्हा पाचच वर्षं झाली होती. इजिप्तचं वेड सगळीकडे होतं. डिमथने मात्र स्वतःचा इजिप्त आपल्या गावात पाहिला. पिरॅमिड भव्य असतात, पण ती थडगीही असतात. मरण जवळून पाहिलेल्या माणसाला हे ठाऊक होतं, असं मला ठामपणे वाटतं.

1927 मध्येच दुसरा अमेरिकन चित्रकार चार्ल्स शीलर फोर्ड मोटार कंपनीच्या रिव्हर रूज कारखान्याची छायाचित्रं काढत होता. त्यातून पुढे आलेली त्याची चित्रं शांत, स्वच्छ, स्थिर आहेत. दोघांनाही ‘प्रिसिजनिस्ट’, म्हणजे काटेकोर, भौमितिक रेषांचे चित्रकार म्हणतात, पण डिमथच्या रेषांत जी अस्वस्थता आहे, ती शीलरकडे नाही.

1931 मध्ये डिमथने गावातल्याच आर्मस्ट्राँग कंपनीच्या लिनोलियम कारखान्याची चिमणी आणि पाण्याची टाकी रंगवली. त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयाने ‘माय इजिप्त’ विकत घेतलं. 1933 मधलं ‘आफ्टर ऑल’ हे लँकेस्टरच्या इमारतींवरच्या त्याच्या चित्रमालिकेतलं शेवटचं चित्र. 1935 मध्ये तो गेला.

या वर्षांकडे आज पाहताना जाणवतं ते हे, की आधुनिक चित्र पॅरिसमध्येच घडतं हा समज त्याने लँकेस्टरमध्ये राहून मोडून काढला. आजाराने त्याचं जग आक्रसलं. चित्रं मात्र याच काळात सर्वांत भव्य झाली.