स्लॅबखालचा माणूस

स्लॅब भरायला सुरुवात झाली की सगळी वर्दळ वरच्या मजल्यावर असते. पंपाचा पाईप खेचणारे, व्हायब्रेटर चालवणारे, पट्टी मारून लेव्हल काढणारे, कडेला उभं राहून गाड्यांचा हिशेब लिहिणारा ज्युनिअर इंजिनिअर, सगळे वर. त्याच वेळी सेंट्रिंगच्या टोळीतला एक सुतार खालच्या मजल्यावर एकटाच फिरत असतो. हातात बॅटरी, कमरेला हातोडी, खिशात लाकडी पाचरी. टेकूंच्या रांगांमधून वाकून जाताना तो एकेक टेकू हाताने हलवून बघतो. एखादा सैल लागला की पाचर ठोकून घट्ट करतो. प्लायच्या सांध्यातून सिमेंटचं पाणी गळू लागलं तर चिंधी नाहीतर रिकाम्या गोणीचा तुकडा कोंबून ते थांबवतो. व्हायब्रेटरची घरघर वरून सतत ऐकू येत असते आणि तिच्यातून वेगळा निघणारा करकरण्याचा आवाज त्याला टिपायचा असतो.

त्याच्या डोक्यावर किती भार असतो याचा हिशेब सोपा आहे. एक घनमीटर काँक्रीटचं वजन सळईसकट साधारण अडीच टन. दहा बाय बाराच्या एका खोलीवर सहा इंची स्लॅब टाकला तर चार टनांच्या वर माल होतो. तो ओला असतो आणि आठवडा-दोन आठवडे स्वतःचा भार स्वतः पेलू शकत नाही. तोवर सगळं वजन टेकूंवर. म्हणून साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याच्या स्लॅबखालचे टेकू किमान ७ दिवस आणि त्याहून मोठ्या गाळ्याखालचे १४ दिवस काढू नयेत, असं भारतीय मानक सांगतं. पहिल्या काही तासांचा भरवसा मात्र सुतारांच्या बांधणीवर आणि खाली फिरणाऱ्या त्या माणसाच्या डोळ्या-कानांवर.

आदल्या रात्री त्याला झोप मिळाली होती का, हे सहसा कुणी विचारत नाही.

बांधकामावर अपघात झाला की पहिलं वाक्य ठरलेलं असतं: ‘लक्ष नव्हतं.’ जणू लक्ष ही माणसाने सकाळी घरून डब्याबरोबर आणायची वस्तू आहे. साईटवर काही दिवस नीट नजर ठेवली तर दिसतं की माणसाचं लक्ष त्याच्या भोवतीची व्यवस्था घडवते, आणि तीच ते मोडतेसुद्धा. झोप, पाणी, सावली, डोक्यावरची उचल, वस्तीत मागे राहिलेली पोरं, मुकादमाची बोलण्याची पद्धत या सगळ्यांतून ते येतं.

आधी झोपेचंच बघू. शहरात गर्दीच्या वेळी अवजड गाड्यांना बंदी असते, त्यामुळे आरएमसीच्या, म्हणजे तयार काँक्रीटच्या, गाड्या दुपारी किंवा रात्री येतात. प्लँटमध्ये माल भरल्यापासून साधारण दोन तासांत तो उतरवावा लागतो. एकदा स्लॅब सुरू झाला की मध्येच थांबता येत नाही, कारण आधीचा थर घट्ट झाला तर नव्या मालाशी तो एकजीव होत नाही आणि तिथून पुढे गळती लागते. एक गाडी वाहतुकीत अडकली की सगळं काम पुढे सरकतं. संध्याकाळी सातला संपायचा स्लॅब रात्री दोनला संपतो. उशिरापर्यंत थांबलेल्याला ‘हाफ नाईट’ मिळते, पहाट झाली तर ‘फुल नाईट’. हजेरीत तेवढी भर पडते, म्हणून कामगार स्वतःहून थांबतात. गावाकडे पैसे पाठवायचे असतात, आणि नाईट मिळाली की खाडे भरून निघतात.

सलग जागं राहिल्यावर माणसाचं काय होतं, हे ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मोजलं आहे. १७ ते १९ तास जागरण झालेल्यांची कामगिरी काही चाचण्यांमध्ये रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असलेल्या माणसाइतकी किंवा त्याहून वाईट निघाली. आपल्याकडे वाहन चालवणाऱ्यासाठी कायद्याची मर्यादा १०० मिलीलिटर रक्तात ३० मिलीग्रॅम, म्हणजे ०.०३ टक्के आहे. सकाळी सहाला उठून पाणी भरून, भाकरी थापून कामावर आलेला माणूस रात्री अकराला स्लॅबच्या कडेला उभा असतो, तेव्हा त्याचं जागरण सतरा तासांचं झालेलं असतं. दारू प्यालेल्याला गेटवर अडवणाऱ्या साईट आहेत. झोप न झालेला त्याच गेटातून बिनदिक्कत आत जातो.

महाराष्ट्राने गेल्या काही वर्षांत मोठे अपघात पाहिले आहेत. २९ जुलै २०१६ रोजी पुण्यात बालेवाडीला एका इमारतीच्या वरच्या मजल्यावर स्लॅबचं काम सुरू असताना तो कोसळून ९ कामगार गेले. फेब्रुवारी २०२२ मध्ये येरवड्याच्या शास्त्रीनगर भागात रात्री काम चालू असताना सळयांची मोठी जाळी कोसळली आणि बिहारहून आलेले ५ मजूर दगावले. ऑगस्ट २०२३ च्या पहिल्याच दिवशी, मध्यरात्रीच्या सुमारास, शहापूरजवळ समृद्धी महामार्गाच्या पुलाच्या कामावर गर्डर लाँचर पडून २० जण मरण पावले. प्रत्येक अपघाताची तांत्रिक कारणं वेगळी असतात आणि ती झोपेच्या नावावर टाकणं चुकीचं होईल. तरी यातले दोन अपघात रात्रीच्या कामावरचे आहेत, हे नजरेआड करता येत नाही. रात्री उजेड कमी असतो, अनुभवी माणसं घरी गेलेली असतात आणि चूक वेळेवर हेरणारे डोळेही मिटत आलेले असतात.

लक्ष कसं बांधून काढता येतं, याचा उत्तम नमुना कुठल्याही मोठ्या साईटवर उंच उभा असतो. टॉवर क्रेनचा ऑपरेटर सकाळी शिडीने केबिनमध्ये चढतो आणि बहुतेक वेळा दुपारीच खाली उतरतो. लघवीला उतरायला लागू नये म्हणून अनेक ऑपरेटर पाणी बेतानेच पितात, आणि मे महिन्यात तीच सवय अंगाशी येते. इमारतीच्या पलीकडच्या बाजूला माल उतरवायचा असेल तर हुकाला लटकलेलं ओझं त्याला दिसतही नाही. त्याला ऐकू येतो तो खाली उभ्या असलेल्या खलाशाचा, म्हणजे क्रेनला इशारे देणाऱ्या कामगाराचा, वॉकीटॉकीवरचा आवाज: ‘आर्या... आर्या... आर्या... बस.’ ‘आर्या’ म्हणजे ‘खाली सोड’. खलाशी सलग बोलत राहतो आणि ऑपरेटर त्या आवाजावर दोर सोडत राहतो. नियम असा की आवाज तुटला की क्रेन थांबली पाहिजे. बॅटरी संपली, खलाशी घसरला, कुणी मध्येच बोलला, कारण काहीही असो. गप्प होणं हाच थांबण्याचा इशारा. इथे कुणाच्या एकाग्रतेवर भिस्त ठेवलेली नाही. माणसाचं लक्ष कधीतरी सुटणारच हे धरून पद्धत आखली आहे.

जपानमध्ये रेल्वेपासून बांधकामापर्यंत अशीच एक सवय रुजली आहे. जे तपासायचं त्याकडे बोट दाखवायचं आणि ते मोठ्याने म्हणायचं. तिथल्या रेल्वे संशोधन संस्थेच्या प्रयोगात या सवयीमुळे दर १०० कृतींमागच्या चुका २.३८ वरून ०.३८ वर आल्या. परांचीवर चढणाऱ्याने बेल्टचा हूक अडकवून ‘हूक लावला’ असं मोठ्याने म्हणायला एक रुपया लागत नाही. पहिले दोन दिवस जोडीदार हसतात, मग तेही म्हणू लागतात.

पण हूक लावणाऱ्याचं मन कुठे आहे?

साईटवरच्या माणसाच्या डोक्यात काय चालू असतं, ते रविवारी कळतं. रविवारी खर्ची मिळते. पूर्ण पगार हिशेबाच्या वेळी, तोवर आठवड्याच्या किराणा-भाजीपुरते पैसे. त्यातून आधी घेतलेली उचल वळती होते. गावाकडे बहिणीचं लग्न असतं, आईचं ऑपरेशन असतं, बोअरला पाणी लागलेलं नसतं. नांदेड-लातूरकडून, कर्नाटकातल्या विजयपुरा-कलबुर्गीच्या तांड्यांवरून, छत्तीसगड, बिहार, झारखंड, बंगालमधून आलेली ही माणसं संध्याकाळी पत्र्याच्या खोलीबाहेर फोन कानाला लावून बसतात. घरची भांडणं आणि कर्जवाल्याचे निरोप त्याच फोनवर येतात. सकाळी पहिल्या अर्ध्या तासात वाईट बातमी आली तर तो माणूस दिवसभर सळई बांधत असतो, पण त्याचे हात नुसत्या सवयीने चालत असतात. अनुभवी मुकादम हे ओळखतात. अशा माणसाला ते कडेच्या कामावरून काढून आतल्या कामावर लावतात, कुठे गाजावाजा न करता, आणि त्याची हजेरीही कापत नाहीत. साईटवरच्या मानसिक आरोग्याचं इतकं चांगलं काम दुसरं क्वचितच दिसतं.

बायकांच्या बाबतीत ओढ आणखी जवळची असते. घमेलं डोक्यावर घेऊन चढणारीचं तान्हं खाली वाळूच्या ढिगाजवळ झोळीत असेल तर तिची नजर सारखी तिकडे जाणारच. बांधकाम कामगारांच्या १९९६ च्या कायद्यात पन्नासहून जास्त महिला असलेल्या साईटवर सहा वर्षांखालच्या मुलांसाठी खोली असावी, अशी तरतूद आली. त्याच्या कितीतरी आधी, १९६९ मध्ये, दिल्लीत मीरा महादेवन यांनी साईटवरच पाळणाघर चालवायला सुरुवात केली होती, आणि मुंबईत हे काम १९७० च्या दशकापासून सुरू आहे. पाळणाघर ही मुलांची सोय मानली जाते. प्रत्यक्षात ती आईच्या सुरक्षिततेचीही सोय आहे, आणि साईटच्या सुरक्षेच्या खर्चातच तिचा हिशेब धरायला हवा. वस्तीचंही तसंच. जून २०१९ मध्ये पुण्यात कोंढव्याला सोसायटीची भिंत मजुरांच्या झोपड्यांवर कोसळली आणि लहान मुलांसह १५ जण गेले. पावसाच्या रात्री जिथे डोळा लागत नाही अशा जागी राहणाऱ्याकडून सकाळी आठला तल्लख काम मागता येत नाही.

या ताणाचा शेवट कधीकधी फार वाईट होतो. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या आकड्यांनुसार २०२१ मध्ये देशात १,६४,०३३ आत्महत्या झाल्या आणि त्यांत ४२,००४ जण रोजंदारीवर काम करणारे होते, म्हणजे चारांत एकाहून जास्त. रोजंदारीवरचे सगळेच बांधकामावर नसतात, पण बांधकामावरचा मोठा वर्ग रोजंदारीवरचाच आहे. श्रीमंत देशांतही हा धंदा याबाबतीत सुरक्षित नाही. ब्रिटनच्या सांख्यिकी कार्यालयाने इंग्लंडमधल्या २०११ ते २०१५ या वर्षांची पाहणी केली, तेव्हा अकुशल पुरुष मजुरांमध्ये, विशेषतः बांधकामावरच्यांमध्ये, आत्महत्येची जोखीम पुरुषांच्या राष्ट्रीय सरासरीच्या तिप्पट आढळली.

ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँड राज्यात २००८ मध्ये ‘मेट्स इन कन्स्ट्रक्शन’ हा उपक्रम याच कारणाने सुरू झाला. कामगारांमधल्याच काहींना तिथे थोडं प्रशिक्षण मिळतं. सोबत्याच्या मनात जिवाचं बरंवाईट करण्याचा विचार डोकावतोय असं वाटलं तर त्याला सरळ विचारायचं, एकटं सोडायचं नाही आणि जाणकाराशी गाठ घालून द्यायची, एवढं त्यांचं काम. हेल्मेटवरच्या स्टिकरवरून ते ओळखू येतात. आपल्याकडे हे करायला परदेशी नाव लागत नाही. प्रत्येक टोळीत असा एक माणूस असतोच, ज्याच्याजवळ बाकीचे मोकळं बोलतात. त्याला हेरून दोन गोष्टी नीट शिकवल्या आणि १४४१६ हा नंबर दिला तरी बरंच होईल. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेली केंद्र सरकारची ‘टेलिमानस’ ही मोफत सेवा या नंबरावर चोवीस तास मिळते आणि मराठीतही बोलता येतं. पण हा नंबर लेबर कॅम्पच्या नळाजवळ, मोबाईल चार्जिंगच्या बोर्डाशेजारी लिहिलेला हवा. ऑफिसच्या केबिनमधल्या सूचनाफलकाकडे कामगार फिरकत नाहीत.

मोठ्या साईटवर रोज सकाळी टूलबॉक्स टॉक, म्हणजे कामाआधीची सुरक्षेची छोटी बैठक, होतो. अनेकदा सेफ्टी ऑफिसर कागद हातात धरून हिंदीत भरभर सूचना वाचतो, फोटो काढले जातात, सह्या-अंगठे होतात आणि पाच मिनिटांत सगळे पांगतात. बंगाली, तेलुगू किंवा बंजाऱ्यांची गोरमाटी बोलणाऱ्याला त्यातलं किती उमगलं, हे कळायला मार्ग नसतो. हीच पाच मिनिटं वेगळी वापरणारेही आहेत. ते एकेकाकडे बघत विचारतात: जेवून आलास? काल नाईट होती? ताप-बिप आहे का? आज कुठल्या कामात धोका वाटतो? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर कामगाराने स्वतः द्यायचं असतं. ज्याने स्वतःच्या तोंडाने ‘डक्टची जाळी सैल आहे’ असं सांगितलं, तो दिवसभर त्या डक्टपाशी जपून वावरतो, आणि इतरांनाही हटकतो.

इंजिनिअरही यातून सुटलेला नाही. डिप्लोमा करून गावाकडून आलेला बावीस-तेवीस वर्षांचा मुलगा सकाळी सळई तपासतो, दुपारी बिलं करतो, रात्री स्लॅबला उभा राहतो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा आठला हजर असतो. स्लॅब भरायला परवानगी द्यायची की थांबवायचं, ही सही त्याची. गाड्या गेटवर उभ्या असताना ‘थांबा, टेकू पुन्हा बघू द्या’ म्हणायची हिंमत त्याच्यात उरावी, एवढी झोप आणि एवढं पाठबळ त्याला वरिष्ठांनी द्यायला हवं. स्लॅब झाल्यावर त्या टोळीला आणि त्या इंजिनिअरला दुसऱ्या दिवशी उशिरा बोलावणं हा सगळ्यात साधा उपाय आहे, आणि जिथे तो पाळतात तिथल्या माणसांच्या चेहऱ्यावर फरक दिसतो.

हे सगळं मोठ्या साईटचं झालं. पुणे परिसरातल्या वारजे किंवा डांगे चौकातल्या मजूर अड्ड्यावर सकाळी उभ्या राहणाऱ्याला रोज नवा मालक, नवी जागा, नवी परांची. त्याला टूलबॉक्स टॉक नाही, पाळणाघर नाही आणि काम मिळेल का या विचारातच दिवस सुरू होतो. घराची दुरुस्ती किंवा वरचा मजला काढणारा साधा घरमालक हाच त्याचा त्या दिवसापुरता सेफ्टी ऑफिसर. प्यायला गार पाणी, दुपारी दोन तास उन्हातलं काम बंद, चढण्याआधी परांचीच्या दोऱ्या बघणं, मजुरी त्याच संध्याकाळी हातात, एवढं या घरमालकाला करता येतं. ठेकेदाराकडून आणखी एक गोष्ट मागता येते. महाराष्ट्राच्या बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंद व्हायला वर्षभरात ९० दिवस काम केल्याचं प्रमाणपत्र लागतं. नाक्यावरच्या माणसाचे ते दिवस वेगवेगळ्या ठेकेदारांच्या वह्यांमध्ये विखुरलेले असतात आणि कुणीच लिहून देत नाही म्हणून तो विम्याला, मुलांच्या शिष्यवृत्तीला मुकतो. ज्या ठेकेदाराच्या वहीत त्याचं नाव आहे, त्याने तेवढ्या दिवसांचा दाखला सही-शिक्क्यानिशी त्याच्या हातात द्यावा, आणि घरमालकाने शेवटचा हप्ता देण्याआधी तो दिला का, हे विचारावं.