एक तोफ, दोन लक्ष्ये

एखाद्या शस्त्राची कीर्ती ज्या कामासाठी ते घडविले गेले त्याच कामात व्हावी, असा नियम नाही. दुसऱ्या महायुद्धात जिच्या नुसत्या नावाने दोस्त राष्ट्रांच्या रणगाडा-पथकांत धास्ती पसरे, ती ८८ मिलिमीटर व्यासाची जर्मन तोफ मुळात विमाने पाडण्यासाठी निर्माण झालेली होती. आणि नवल असे की, प्रसंगवशात अंगावर आलेल्या जमिनीवरील कामात ती अत्यंत परिणामकारक ठरली, तर मूळच्या कामात तिच्या पदरी पडलेले यश तिच्यावर झालेल्या खर्चाच्या मानाने बेताचेच होते. या विसंगतीचा उलगडा गतिशास्त्राच्या साध्या गणिताने होतो.

पहिल्या महायुद्धानंतर व्हर्सायच्या तहाने जर्मनीच्या शस्त्रनिर्मितीवर कडक निर्बंध घातले, तेव्हा क्रुप कंपनीने आपले काही अभियंते स्वीडनमधील बोफोर्सच्या कारखान्यात ठेवून तोफांच्या रचनेचा अभ्यास चालू ठेवण्याची तजवीज केली. त्यातून पुढे आकारास आलेल्या या तोफेचे उत्पादन, हिटलर सत्तेवर आला त्या १९३३ सालीच सुरू झाले. आणि १९३६ साली स्पेनच्या यादवी युद्धात जर्मन तुकड्यांबरोबर ती रणभूमीवर उतरली, तेव्हा जमिनीवरील लक्ष्यांवरही तिचा मारा अचूक बसतो, हे तोफखान्याच्या अधिकाऱ्यांच्या ध्यानात आले.

उंचावरील विमानापर्यंत गोळा शक्य तितक्या लवकर पोहोचावा, या एकाच गरजेतून तिची बहुतेक अंगे ठरली होती. जवळजवळ पाच मीटर लांबीच्या नळीतून सुमारे नऊ किलोग्रॅम वजनाचा गोळा सेकंदाला ८०० मीटरांहून अधिक वेगाने बाहेर पडे. मागेपुढे होणाऱ्या नळीच्या जोरावर रिकामे काडतूस आपोआप फेकले जात असल्यामुळे तरबेज तोफची मिनिटास १५ ते २० गोळे डागू शकत. आणि चार पायांच्या फुलीसारख्या बैठकीवर ती चोहोकडे फिरे, क्षितिजाखाली थोडी झुके आणि जवळजवळ सरळ माथ्यावरही रोखता येई.

आता पदार्थाची गतिज ऊर्जा वस्तुमानाच्या पटीत, परंतु वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढते; म्हणून जड गोळा आणि मोठा वेग यांचा येथे झालेला संयोग चिलखत भेदण्यास आयताच उपयोगी पडला. जर्मन पायदळाच्या ३७ मिलिमीटर रणगाडाविरोधी तोफेच्या गोळ्याशी तुलना करता या गोळ्याची ऊर्जा सुमारे पंधरापट होती. २१ मे १९४० रोजी फ्रान्समधील आरास येथे ब्रिटिशांच्या जाड चिलखताच्या माटिल्डा रणगाड्यांवर त्या लहान तोफांचे गोळे आपटून निष्फळ ठरू लागले, तेव्हा जर्मन सेनापती रोमेलने या विमानभेदी तोफा पुढे आणून तो हल्ला थोपविला.

याच सेनापतीच्या फौजेने पुढल्या वर्षी, इजिप्तच्या सरहद्दीवरील हलफाया खिंडीत, या तोफा जमिनीत अशा पुरून ठेवल्या की वर केवळ नळ्याच दिसाव्यात. तोफेचा उंच बांधा हा उघड्या मैदानात तिचा मोठा दोष असल्याने ही दक्षता अगत्याची होती. जून १९४१ मध्ये ब्रिटिशांनी चढाई केली, तेव्हा खिंडीवर चालून गेलेल्या रणगाड्यांपैकी बहुतेक तिथेच निकामी झाले. आणि त्या चढाईत सामील असलेल्या अकराव्या हिंदी ब्रिगेडमध्ये पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची दुसरी पलटण होती, ही गोष्ट मराठी वाचकाने लक्षात ठेवण्याजोगी आहे.

परंतु हजार मीटरांवरील रणगाड्यापर्यंत जो गोळा सव्वा-दीड सेकंदात पोहोचतो, त्यालाच सात-आठ हजार मीटरांची उंची गाठण्यास वीस सेकंदांहून अधिक काळ लागतो. आणि ताशी ३०० किलोमीटरांच्या वेगाने जाणारे बाँबफेकी विमान तेवढ्या अवधीत दीड किलोमीटरांहून पुढे निघून गेलेले असते. म्हणून विमान जेथे आहे तेथे नव्हे, तर जेथे असेल तेथे गोळा धाडावा लागे, आणि तो किती सेकंदांनी फुटावा हेही डागण्यापूर्वीच पलित्यावर नेमून द्यावे लागे. अंतर, उंची व वेग मोजून हे गणित सोडविणारी यंत्रे आणि त्यांच्या दिमतीस रडार, असा सारा सरंजाम जर्मनांनी उभा केला. पण वैमानिकाने वाटेत किंचित दिशा बदलली, की तो हिशेब फोल होई. जुलै १९४३ मध्ये हँबर्गवर चालून आलेल्या ब्रिटिश विमानांनी धातूचा मुलामा दिलेल्या कागदी पट्ट्यांचा वर्षाव करून ते रडारही आंधळे केले. तोफांवर शाळकरी मुले तैनात करण्याची पाळी त्याच वर्षी आली, आणि एक अवजड बाँबफेकी विमान पाडण्यास सरासरी सोळा हजार गोळे खर्ची पडतात, असा अंदाज पुढे १९४४ सालासाठी मांडला गेला.

ब्रिटिशांपाशीही ३.७ इंची विमानभेदी तोफ होती आणि तिचे सामर्थ्य याहून कमी नव्हते. परंतु ती अधिक जड होती आणि रणगाड्यांपुढे तिची योजना क्वचितच झाली. यावरून जर्मन तोफेच्या लौकिकात पोलादाइतकाच वाटा ती हव्या त्या जागी हलविणाऱ्या सेनापतींचा होता, असे म्हणावे लागते. आकाशातील प्रश्न मात्र तोफेच्या नळीने सुटणारा नव्हताच. विमान जवळ येताच आपोआप फुटणारा, पोटात लहानसे रेडिओयंत्र असलेला गोळा अमेरिकनांनी १९४३ पासून वापरात आणला; जर्मनीला तो युद्धाच्या अखेरपर्यंत रणांगणावर आणता आला नाही.